सतरा वर्षांच्या मुलात व्यावसायिक आइस हॉकीपटू कसा ओळखायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : मुलगा सतरा वर्षांचा, मेजर ज्युनियर (कुमारांच्या सर्वांत वरच्या स्तरावरच्या) संघातला सेंटर, म्हणजे मधला आक्रमक, संघात सर्वांत जास्त गुण (गोल आणि असिस्ट, म्हणजे गोलाआधीचे पास, मिळून) त्याचेच. तरीही एनएचएलच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक लीगच्या, सेंट्रल स्काउटिंग विभागाची ड्राफ्टसाठीची (संघ क्रमानं नवी मुलं निवडतात त्यासाठीची) हंगामाच्या मध्यावरची यादी आली, तेव्हा त्याच संघातला, निम्मे गुण असलेला दुसरा मुलगा त्याच्या कितीतरी वर होता. हे ठरतं कशावरून, आणि इतक्या कोवळ्या वयात असं काही सांगता येतं तरी का?

मी स्काउट आहे, संघासाठी मुलं हेरण्याचं हेच काम गेले सोळा हंगाम करतो आहे. तुमच्या मुलाला मी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल काहीही बोलणार नाही. आम्ही रिंकमध्ये बसून काय पाहतो, वहीत काय लिहितो आणि कुठे चुकतो, ते मात्र मोकळेपणानं सांगतो. यादीतला आकडा पाहून एका घरात किती रात्री खराब होतात, याची मला कल्पना आहे.

आधी मुळातली गोष्ट. ज्युनियरमधून वर जाताना मुलाकडून दोन गोष्टी काढून घेतल्या जातात : वेळ आणि जागा. सतराव्या वर्षी पक (खेळातली रबरी चकती) मिळाल्यावर मान वर करून पाहायला, एक पाऊल टाकायला, स्टिक नीट धरायला त्याला जेवढा अवधी मिळतो, त्याच्या निम्मासुद्धा वर मिळत नाही. म्हणून माझा प्रश्न ‘हा आज किती चांगला आहे’ हा नसतोच. आज तो जे करतो आहे, त्यातलं किती तिथे टिकेल, एवढंच मला शोधायचं असतं.

एक उदाहरण देतो. मुलगा पक घेऊन निळी रेषा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या क्षेत्राची हद्द, ओलांडतो. समोरचा डिफेन्समन मागे मागे सरकत जातो, दोघांत दोन स्टिकांचं अंतर पडतं. मुलगा पक आत ओढतो, मनगटानं फटका मारतो, गोल. सगळं सभागृह उभं राहतं. मी वहीत लिहितो : ‘समोरच्यानं अंतर सोडलं.’ एनएचएलमधला डिफेन्समन ते अंतर सोडत नाही. तो रेषेवरच अंगाला येऊन भिडतो आणि ती आत ओढायची युक्ती त्याच्या स्टिकवर मरते. त्याच सामन्यात दुसरा एक मुलगा कठड्याला पाठ लावून उभा आहे. पास वाईट आलाय, उलट्या हातावर, बुटांपाशी. मागून धक्का येणार हे त्याला ठाऊक आहे. तरी तो पक थांबवत नाही, आल्या दिशेनंच एका स्पर्शात मध्ये धावणाऱ्या सेंटरला देतो आणि मग धक्का खातो. टाळी नाही, गुण नाही, असिस्टसुद्धा नाही. पण ते काम कुठल्याही लीगमध्ये, कुठल्याही वेगात चालतं. माझ्या वहीत त्याच्या नावापुढे रेघ पडते. तुमच्या मुलाच्या संघातल्या त्या दुसऱ्या मुलाबद्दल कुणीतरी असंच काहीतरी वारंवार लिहिलेलं असण्याची शक्यता आहे.

डिफेन्समन पाहायचा असेल तर मी एकच गोष्ट आधी पाहतो. समोरच्या संघानं पक खोल टाकला, आता हा मागे वळून कोपऱ्याकडे धावतोय, पाठीवर फोरचेकर, म्हणजे पक हिसकावायला आलेला प्रतिस्पर्धी, आहे. पकला हात लागण्याआधी यानं खांद्यावरून मागे किती वेळा पाहिलं? एकदा पाहणारे बरेच असतात. दोनदा पाहणारा विरळा, आणि दुसऱ्यांदा पाहून आपला बेत बदलणारा त्याहून विरळा. पहिल्या नजरेत डावीकडून दबाव होता, दुसऱ्या नजरेत तो उजवीकडे आला, म्हणून यानं शेवटच्या क्षणी टाच वळवली आणि जाळ्याच्या मागून निघाला. त्याचे पाय ठीकठाक असले तरी मी त्याला पुन्हा पाहायला जातो. लेन हटसन हा पाच फूट नऊ इंचांचा डिफेन्समन २०२२ च्या ड्राफ्टमध्ये ६२ व्या क्रमांकापर्यंत खाली गेला, कारण त्या उंचीचा बचावपटू टिकेल का याची सर्वांना धास्ती होती. २०२५ मध्ये त्यानं सर्वोत्तम नवोदिताचा कॅल्डर चषक घेतला. त्याच्याकडे माणूस अंगावर येण्याआधीच त्याला चकवण्याची समज होती, आणि ती उंची मोजायच्या पट्टीवर दिसत नाही.

यालाच आम्ही ‘हॉकी सेन्स’ म्हणतो. शब्द फार झिजलाय, पण दुसरा सापडत नाही. तो दिसतो पक जवळ नसताना. सामन्यातला मोठा भाग मुलगा पकशिवाय घालवतो, आणि दूरचित्रणातला कॅमेरा पकमागे धावतो. म्हणून रिंकमध्ये प्रत्यक्ष जावं लागतं. मी वरच्या बाजूला, कोपऱ्याकडे बसतो. एक मुलगा निवडतो आणि तो बेंचवरून उतरल्यापासून परत बसेपर्यंतचे चाळीस-पंचेचाळीस सेकंद फक्त त्यालाच पाहतो. गोल झाला तरी नजर हलवायची नाही. ही सवय लागायला मला दोन हंगाम लागले. अशा वेळी कळतं, की हा पक कुठे जाणार ते ओळखून तिथे आधी पोचतो, की पक जिथे होता तिथे धावतो. आपल्या बाजूचा पास तुटला, तर पहिलं पाऊल कुठल्या दिशेला पडतं? बेंचवर बसल्यावर तो खेळ पाहतो, की घड्याळ?

आता स्केटिंग. इथे पालकांचा मोठा गैरसमज असतो, कारण सगळे सरळ रेषेतला वेग पाहतात. मला पहिली तीन पावलं हवी असतात. थांबलेल्या अवस्थेतून निघायला किती वेळ लागतो, वळताना वेग पडतो की वाढतो, गुडघा किती वाकतो, धडक बसल्यावर कडांवर तोल राहतो का. आणि त्याहून महत्त्वाचं : यातला कुठला दोष सुधारता येईल? पाय फार सरळ ठेवून धावणं, हात आडवे फिरवणं, ढेंगा आखूड पडणं, या गोष्टी चांगला प्रशिक्षक आणि पायांतली ताकद मिळून दोन-तीन वर्षांत बदलू शकतात. कंबर आणि घोट्याची हालचालच मुळात आखडलेली असेल तर अवघड आहे.

ब्रेडन पॉइंटची गोष्ट मी नव्या सहकाऱ्यांना नेहमी सांगतो. मूस जॉ या ज्युनियर संघातला हा सेंटर २०१४ च्या ड्राफ्टमध्ये ७९ व्या क्रमांकावर गेला. आक्षेप दोन होते, उंची आणि स्केटिंग. टँपा बे या एनएचएल संघानं त्याला घेतलं आणि बार्ब अंडरहिल यांच्याबरोबर कामाला लावलं. या अंडरहिल म्हणजे १९८४ च्या जागतिक फिगर स्केटिंग स्पर्धेतल्या विजेत्या जोडीतल्या. पुढे २०२० आणि २०२१ या सलग दोन वर्षी टँपानं स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला आणि दोन्ही प्लेऑफमध्ये (शेवटच्या बाद फेऱ्यांत) पॉइंटनं प्रत्येकी चौदा गोल केले. आज त्याचा वेग हीच प्रतिस्पर्ध्यांची डोकेदुखी आहे. पाय शिकवता आले, कारण डोकं आधीच तयार होतं. उलटं सहसा घडत नाही. विजेसारखे पाय असलेली आणि पक कुठे न्यायचा हे कधीच न कळलेली मुलं मी डझनांनी पाहिली आहेत.

गुणांकडे येतो, कारण तुमचा प्रश्न तिथूनच सुरू झाला. गुण मी पाहतो, नक्की पाहतो. आकडेवारीला तुच्छ लेखणारे जुने स्काउट चुकतात असं माझं स्पष्ट मत आहे. पण आकडा उघडून पाहावा लागतो. किती गुण पाच विरुद्ध पाच असताना आले आणि किती पॉवर प्लेवर, म्हणजे समोरचा एक खेळाडू शिक्षेवर बाहेर असताना? असिस्ट पहिला की दुसरा, म्हणजे गोलाआधीचा शेवटचा पास याचा, की त्याच्याही आधीचा? बर्फावर किती मिनिटं मिळतात? शेजारी कोण खेळतं? मारलेल्या फटक्यांपैकी एक चतुर्थांश गोल होत असतील, तर पुढच्या वर्षी ते होणार नाहीत हे धरून चालावं. एनएचएलमध्ये सरासरी दहातला एक फटका आत जातो. त्याऐवजी जो मुलगा सामन्यागणिक चार-पाच फटके जाळ्यासमोरच्या मधल्या पट्ट्यातून मारतो, त्याचे गोल आज कमी असले तरी मला काळजी वाटत नाही.

शेजारी कोण खेळतं, या प्रश्नावर ॲलेक्स डिब्रिंकॅटचं उदाहरण मला अजून टोचतं, कारण आमच्या सगळ्या धंद्यानं त्यात गफलत केली. २०१४-१५ मध्ये एरी ऑटर्स या ज्युनियर संघाकडून पहिल्याच हंगामात त्यानं ५१ गोल केले. त्याच संघात पुढे एनएचएलचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला कॉनर मॅकडेव्हिड होता. सगळे म्हणाले, मॅकडेव्हिड पास देतोय, मग कोणीही करेल. मॅकडेव्हिड एनएचएलला गेला. पुढच्या वर्षी डिब्रिंकॅटनं पुन्हा ५१ केले. तरी २०१६ मध्ये तो ३९ वा गेला, कारण उंची जेमतेम पाच फूट सात-आठ इंच. शिकागोनं घेतला. एनएचएलच्या पहिल्या हंगामात २८ गोल, दुसऱ्यात ४१. प्रश्न विचारणं बरोबर होतं. उत्तर समोर आल्यावरही जुनाच प्रश्न धरून बसणं चूक होतं.

वेगवेगळ्या लीगमधले गुण एका तराजूत तोलता येत नाहीत. सतरा वर्षांचा मुलगा स्वीडनच्या मुख्य लीगमध्ये, पूर्ण वाढलेल्या पुरुषांविरुद्ध, चौथ्या ओळीत (आक्रमकांच्या सर्वांत खालच्या तुकडीत) आठ मिनिटं खेळून पाच गुण मिळवतो. दुसरा तिथल्याच वीस वर्षांखालच्या लीगमध्ये चाळीस मिळवतो. मी पहिल्याकडे आधी जाईन. म्हणूनच संघ आता लीगनिहाय रूपांतराचे गुणक वापरतात. या लीगमधला एक गुण म्हणजे एनएचएलमधला किती, असा तो हिशेब. त्यात रिंकचा आकारही धरावा लागतो. एनएचएलचं मैदान २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद, म्हणजे रुंदी सुमारे २६ मीटर. आंतरराष्ट्रीय मापाचं मैदान ३० मीटरपर्यंत रुंद असतं. त्या चार मीटरमध्ये बाहेरून वळसा घालून जाणाऱ्या मुलाला अरुंद मैदानावर कठडा फार लवकर लागतो.

वय हा तर आमच्या कामातला सर्वांत दुर्लक्षिलेला भाग. ड्राफ्टसाठी त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपर्यंत अठरा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे एकाच ड्राफ्टमध्ये जवळजवळ वर्षाचं अंतर असलेली मुलं शेजारी उभी राहतात, आणि सतराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे फार मोठी गोष्ट. ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म १७ सप्टेंबर १९९७ चा. दोन दिवसांनी २०१५ चा ड्राफ्ट हुकला. मधलं वर्ष तो झुरिकला जाऊन पुरुषांच्या लीगमध्ये खेळला आणि २०१६ मध्ये पहिला निवडला गेला. ॲलेक्झांडर ओव्हेचकिनही १७ सप्टेंबरचाच, १९८५ चा. २००३ मध्ये फ्लोरिडाच्या संघानं तर लीप वर्षांचे जादा दिवस धरले तर तो पात्र ठरतो, असा दावा करून त्याला घ्यायचा प्रयत्न केला होता. तो दावा मान्य झाला नाही आणि पुढच्या वर्षी वॉशिंग्टननं त्याला पहिला घेतला.

याच्या आधीचीही एक गाळणी आहे. कॅनडात लहान मुलांचे वयोगट १ जानेवारीला बदलतात. नवव्या-दहाव्या वर्षी जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरमधल्या मुलापेक्षा दांडगा दिसतो. तो वरच्या संघात जातो, त्याला चांगला प्रशिक्षक आणि जास्त सराव मिळतो, आणि सात-आठ वर्षांनी तो खरंच चांगला झालेला असतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेली मुलं ज्या क्रमांकावर निवडली गेली त्या मानानं पुढे जास्त यशस्वी ठरली. अर्थ सरळ आहे : आम्ही त्यांना कमी लेखतो. तेव्हापासून मी प्रत्येक नावापुढे जन्ममहिना लाल शाईनं लिहितो. तुमच्या मुलाचा जन्म उन्हाळ्यातला असेल, तर यादीतल्या क्रमांकाचं दुःख थोडं कमी करा. सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरमध्ये जन्मलेला मुलगा मात्र आपल्या ड्राफ्टमधला जवळजवळ सर्वांत मोठा असतो आणि त्याचे गुण त्याच हिशेबानं वाचले जातात.

शरीराबद्दल मी माझीच चूक सांगतो. कामाला लागून तीन वर्षं झाली होती. सोळा वर्षांचा एक विंगर होता, सहा फूट दोन इंच, खांदे बैलासारखे, फटका असा की गोली मागे सरकायचे. मी दोन पानं भरून त्याची शिफारस केली. एकदा सामन्यानंतर खोलीबाहेर तो माझ्यासमोरून गेला, तेव्हा पाहिलं की त्याला भरघोस दाढी होती. ते दिसलं, पण त्याचा अर्थ मी लावला नाही. मुलाची वाढ पूर्ण झाली होती. पुढच्या दोन वर्षांत बाकीचे वाढले, तो होता तिथेच राहिला, आणि ज्या ताकदीवर तो गोल करत होता ती ताकद आता सगळ्यांकडे होती. त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं, कारण तोवर त्याला दुसऱ्या कशाची गरजच पडली नव्हती. आता मी मनगटं पाहतो, तळहात पाहतो, आई-वडिलांची उंची विचारतो, मोठा भाऊ कितव्या वर्षी वाढला ते विचारतो. बारीक, हातापायांचा मेळ अजून न बसलेला, तरीही योग्य जागी पोचणारा मुलगा मला दाढीवाल्यापेक्षा जास्त आवडतो.

दर उन्हाळ्याच्या तोंडावर बफेलोमध्ये जो कंबाइन, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचण्यांचा मेळावा, होतो, त्याबद्दल पालक फार विचारतात. सायकलवर तीस सेकंद पूर्ण जोर लावायची विंगेट चाचणी, दमछाकीची चाचणी, उभी उडी, पकडीची ताकद, दांड्याला लटकून स्वतःला वर खेचणं, म्हणजे पुलअप. याचा उपयोग आहे, पण मर्यादित. २०१४ च्या कंबाइनमध्ये सॅम बेनेटला एकही पुलअप काढता आला नव्हता आणि त्याची बातमी झाली होती. कॅलगरीनं त्याला तरी चौथा घेतला. २०२५ मध्ये फ्लोरिडाच्या विजेत्या संघातून प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून कॉन स्माइथ चषक त्यालाच मिळाला. कंबाइनमधलं मला खरं महत्त्वाचं वाटतं ते वैद्यकीय तपासणी आणि मुलाखती.

आता तो मुद्दा, ज्यावर आमच्या बैठकीत सर्वांत जास्त वाद होतात. एनएचएल सामन्यात एका संघाचे बारा फॉरवर्ड, सहा डिफेन्समन आणि दोन गोली असतात. त्या बारांपैकी चौथ्या ओळीतला, दहा मिनिटं खेळून पेनल्टी वाचवणारा (आपला एक खेळाडू शिक्षेवर बाहेर असताना गोल होऊ न देणारा) सेंटरसुद्धा ज्युनियरमध्ये आपल्या संघाचा हुकमी खेळाडू होता. वर गोल करण्याचं काम मोजक्यांना मिळतं, बाकीच्यांना दुसरं काहीतरी करून जागा कमवावी लागते. म्हणून मी विचारतो : याचे गोल थांबले, तर याच्याकडे काय उरतं? फेसऑफ, म्हणजे खेळ सुरू होताना पकसाठीची झटापट, जिंकतो? फटक्यासमोर आडवा होतो? कोपऱ्यातून पक काढतो? शेवटच्या मिनिटाला एका गोलाची आघाडी असताना प्रशिक्षक याला बर्फावर पाठवतो की बेंचवर ठेवतो? सर्वांत अवघड जागी असतो तो मधला मुलगा. ज्युनियरमध्ये भरपूर गुण, पण पहिल्या दोन ओळींसाठी हात किंवा पाय किंचित कमी, आणि खालच्या दोन ओळींचं काम त्याला येत नाही, कधी करावंच लागलं नाही. असे मुलगे दुय्यम लीगमध्ये भरपूर गुण करत राहतात आणि वर जागा होत नाही. निम्मे गुण असलेला मुलगा यादीत वर दिसला, की बहुतेक वेळा कारण हे असतं. त्याची वरची जागा आम्हाला डोळ्यांसमोर दिसते.

स्वभावाबद्दल बोलताना मी जपून बोलतो, कारण इथे अन्याय पटकन होतो. ज्युनियरची मुलं घरापासून लांब, दुसऱ्या कुटुंबाकडे राहतात, त्यांना बिलेट म्हणतात. मी त्या कुटुंबाशी बोलतो, शिक्षकांशी बोलतो, आणि सामान सांभाळणाऱ्या माणसाशी तर बोलतोच. सरावानंतर टेपचे तुकडे जमिनीवर कोण टाकून जातं आणि कोण उचलतं, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. बेंचवर बसवल्यावर पुढच्या शिफ्टमध्ये, म्हणजे पुन्हा बर्फावर उतरल्यावर, मुलगा काय करतो ते मी पाहतो. पण अबोल मुलाला ‘थंड’ ठरवणं, हसऱ्या मुलाला ‘गंभीर नाही’ ठरवणं, परक्या भाषेत अडखळत मुलाखत देणाऱ्याला ‘आत्मविश्वास नाही’ म्हणणं, हे आमच्या अहवालांमधलं जुनं दुखणं आहे. असं वाक्य दिसलं की मी पुरावा मागतो.

गोलींबद्दल दोनच वाक्यं. ते उशिरा पिकतात आणि आमचे अंदाज तिथे सर्वांत जास्त चुकतात : हेन्रिक लुंडक्विस्ट २००० मध्ये २०५ वा गेला, डॉमिनिक हाशेक १९८३ मध्ये १९९ वा, आणि २०२५ मध्ये लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा हार्ट चषक जिंकणारा कॉनर हेलेबक २०१२ मध्ये १३० वा. सतरा वर्षांच्या गोलीबद्दल कोणी ठामपणे बोलत असेल, तर मी त्याचं म्हणणं फार मनावर घेत नाही.

मग सांगता येतं का? काही अंशी येतं. पहिल्या काही निवडी बऱ्याचदा बरोबर ठरतात, आणि पहिली फेरी संपली की खात्री झपाट्यानं घसरते. बत्तीस संघ, सात फेऱ्या, वर्षाला २२४ मुलं. त्यातली बरीच एनएचएलचा एकही सामना खेळत नाहीत. चुका वरच्या टोकालाही होतात. १९९३ मध्ये ओटावानं ॲलेक्झांडर डेगला पहिला घेतला, दुसरा गेलेला ख्रिस प्राँगर पुढे हॉल ऑफ फेममध्ये पोचला. १९९९ मध्ये अटलांटानं पाट्रिक स्टेफानला पहिला घेतला, व्हँकुव्हरनं त्याच्यामागून सेडीन जुळे भाऊ उचलले. त्याच १९९९ मध्ये डेट्रॉइटनं हेन्रिक झेटरबर्गला २१० वा घेतला आणि त्याच्या आदल्या वर्षी पावेल दात्सुकला १७१ वा. हॉकान अँडरसन या त्यांच्या युरोपातल्या स्काउटचं नाव त्यामुळे गाजलं आणि ते योग्यच आहे. पण प्रामाणिकपणे पाहिलं, तर डेट्रॉइटला पूर्ण खात्री असती तर त्यांनी १७० मुलं हातातून जाऊ दिली नसती. त्यांनाही फक्त शंका होती, चांगल्या बाजूची. आणि मार्टिन सेंट लुई तर ड्राफ्टमध्ये कुणीच घेतला नव्हता. २००४ मध्ये तो लीगचा सर्वाधिक गुण करणारा आणि सर्वोत्तम खेळाडूही ठरला.

माझी दुसरी चूकही सांगतो, कारण ती तुमच्या मुलाला लागू पडू शकते. एका सेंटरला मी दोनदा पाहिलं आणि लिहिलं, ‘पाय जड, झुंज कमी.’ दोन्ही सामने रविवारी दुपारचे होते, तीन दिवसांतले तिसरे. मधला प्रवास रात्रभर बसमधून. हे मी तारखा पुन्हा चाळताना चार महिन्यांनी पाहिलं, तोवर आमची यादी पक्की झाली होती. तो आज व्यावसायिक हॉकी खेळतो, आमच्यासाठी नाही. तेव्हापासून घरचा, बाहेरचा, थकलेला आणि ताजा, असे किमान चार वेगळे सामने पाहिल्याशिवाय मी कुणावर फुली मारत नाही. आणि हंगामाच्या सुरुवातीचा मुलगा शेवटी कसा झालाय, हे पाहायला परत जातोच. ऑक्टोबरमध्ये जी चूक होती ती मार्चमध्ये गेलेली दिसली, तर माझ्या लेखी ती वीस गुणांपेक्षा मोठी गोष्ट आहे. जो सहा महिन्यांत शिकला, तो पुढच्या सहा वर्षांतही शिकेल असं मी धरतो.

तुमच्या हातात काय आहे? यादीवर पत्र लिहू नका, प्रशिक्षकाशी तिच्यावरून वाद घालू नका. त्यांना हे विचारा : पेनल्टी वाचवताना याला का उतरवत नाही, आणि उतरवायला त्यानं काय शिकायला हवं? उत्तर मिळेल ते नेमकं असेल, आणि मुलाला उन्हाळाभर पुरेल एवढं काम त्यात असेल. शक्य असेल तर स्केटिंगच्या प्रशिक्षकाकडून त्याच्या पहिल्या तीन पावलांचं चित्रण करून घ्या. या ड्राफ्टमध्ये नाव आलं नाही तर दारं बंद होतात असंही नाही. उत्तर अमेरिकेतला मुलगा पुढच्या ड्राफ्टमध्येही निवडला जाऊ शकतो. शिवाय २०२५-२६ च्या हंगामापासून मेजर ज्युनियर खेळलेल्यांना अमेरिकी विद्यापीठांच्या पहिल्या विभागात खेळायची मुभा मिळाली आहे, जी आधी नव्हती. उशिरा वाढणाऱ्या मुलासाठी ती तीन-चार वर्षं फार मोलाची आहेत. संघ निवडायची वेळ आली, तर नाव मोठं की लहान हे पाहू नका, तिथे त्याला बर्फावर किती मिनिटं मिळतील ते पाहा.

आणि तुम्ही शेवटी विचारलंय, की त्याचं चित्रण पाठवू का. जरूर पाठवा. गोलांचं संकलन मात्र नको, त्यातून मला काही कळत नाही. बाहेरच्या मैदानावरचा, हरलेला एखादा सामना निवडा. कुणाला तरी वर बसवून फक्त त्याच्यावर कॅमेरा ठेवायला सांगा, पक कुठेही असो. प्रत्येक शिफ्ट, बेंचवरून उतरल्यापासून परत बसेपर्यंत. आणि सोबत त्याचा जन्ममहिना लिहा.